डेटा वहनाच्या वेगाची एकके: या आकड्यांचा मेळ कसा बसवावा?

जिज्ञासू:

नमस्कार. नव्याने संगणक शिकणाऱ्या प्रौढांसाठी मी एक छोटी पुस्तिका लिहीत आहे आणि तिच्यात डेटा वहनाच्या वेगाच्या एककांचे रूपांतर दाखवणारे एक कोष्टक द्यायचे आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून मेगाबिटांतील आकड्याला आठाने भागले की मेगाबाइट मिळतात, एवढेच सूत्र पुरेसे आहे असे मी समजत होतो. परंतु कोष्टकाखाली एखादे प्रत्यक्ष उदाहरण असावे म्हणून मी स्वतःच्याच जोडणीवर मोजमाप केले आणि तिथे माझे गणित अडले.

माझी जोडणी १०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाची आहे. संगणक तारेने जोडलेला असताना वेग तपासून पाहिला, तर ९४ हा आकडा आला. मग मी एक मोठी फाइल उतरवून घेतली. जिथून ती घेतली तिथे तिचा आकार ४.७ जीबी असा लिहिला होता. उतरवून घेणारा प्रोग्रॅम सुमारे ११.२ एमबी प्रति सेकंद असा वेग दाखवत होता आणि सगळे काम ६ मिनिटे ४० सेकंदांत पूर्ण झाले. फाइल संगणकावर आल्यावर मात्र तिचा आकार ४.३८ जीबी दिसू लागला. ती अपुरी आली असावी अशी शंका घेऊन मी ती तपासली, पण ती पूर्ण आहे.

१०० ला आठाने भागले तर १२.५ येतात आणि ९४ ला भागले तर ११.७५ येतात. ११.२ कशातूनच निघत नाहीत. हा फरक मोजमापातील किरकोळ चूक समजून सोडून द्यावा, की त्यामागे निश्चित कारण आहे?

दुसरी अडचण लेखनाची आहे. कोष्टकाचा मसुदा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आले की त्यातील पहिलीच ओळ '१ एमबीपीएस म्हणजे ०.१२५ एमबीपीएस' अशी झाली आहे. मला जे म्हणायचे होते ते बरोबर होते, तरीही वाचणाऱ्याला ही ओळ निरर्थकच वाटेल. ती कशी लिहावी?


अष्टक:

तुमची दुसरी अडचण मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

रोमन लिपीत या दोन एककांमधला भेद केवळ एका अक्षराच्या आकारावर उभा आहे: लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. त्यामुळे आपण 'एमबी' किंवा 'एमबीपीएस' असे लिहितो त्या क्षणी हा भेद पुसला जातो आणि उरलेल्या शब्दाचे दोन अर्थ होतात, ज्यांच्यात आठपटीचे अंतर आहे. इंग्रजी मजकुरात निदान काळजीपूर्वक पाहणाऱ्याला अक्षरावरून अर्थ कळू शकतो. मराठी मजकुरात कितीही काळजीपूर्वक पाहिले तरी कळणार नाही, कारण पाहण्यासारखे काही उरलेलेच नसते. म्हणून मराठीत लिहिताना 'मेगाबिट प्रति सेकंद' आणि 'मेगाबाइट प्रति सेकंद' असे पूर्ण शब्द लिहावेत, मग कोष्टकाचा रकाना थोडा रुंद करावा लागला तरी चालेल. तुमची ओळ '१ मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे ०.१२५ मेगाबाइट प्रति सेकंद' अशी लिहिली की तिच्यात काहीही दोष राहत नाही.

आता गणित. मोठे आकडे कोटींत मांडले तर ते मराठी वाचकाला लवकर उमगतात असा माझा अनुभव आहे. मेगा म्हणजे दहा लाख, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे १० कोटी बिट. त्याला आठाने भागले की सव्वा कोटी बाइट, म्हणजेच १२.५ मेगाबाइट. तुमची फाइल ४.७ गिगाबाइट, म्हणजे ४७० कोटी बाइट. तिचे बिट झाले ३,७६० कोटी. सेकंदाला १० कोटी या हिशेबाने ती ३७६ सेकंदांत, म्हणजे ६ मिनिटे १६ सेकंदांत यायला हवी होती. तुम्हाला ४०० सेकंद लागले. उरलेल्या २४ सेकंदांचा हिशेब आपल्याला द्यायचा आहे.


स्मृतिकोश:

४.७ चे ४.३८ कसे झाले ते मी सांगतो, कारण या गोष्टीने मलाही पूर्वी बराच काळ त्रास दिला होता.

संगणकाच्या स्मृतीची रचना दोनच्या घातांवर आधारलेली असते. स्मृतीतील जागेचा पत्ता सांगणाऱ्या तारा, म्हणजे पत्ता-तारा, दहा असतील तर २ चा १० वा घात, म्हणजे १,०२४ जागा ओळखता येतात. हा आकडा हजाराच्या अगदी जवळ असल्यामुळे जुन्या काळातील अभियंत्यांनी त्यालाच 'किलो' म्हणायला सुरुवात केली आणि ती सवय रुजली. पुढे १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे १०,४८,५७६ ला 'मेगा' आणि १,०७,३७,४१,८२४ ला 'गिगा' म्हटले जाऊ लागले. ४७० कोटींना या शेवटच्या संख्येने भागून पाहा, ४.३८ येतील. फाइलमधला एकही बाइट हरवलेला नाही. एकाने दशमान मापाने (१,००० च्या पटीने) मोजले आणि दुसऱ्याने द्विमान मापाने (१,०२४ च्या पटीने), पण दोघांनीही एकाच नावाने लिहिले.

हेच तत्त्व वेगालाही लागू करावे असे मला वाटते. १०० मेगाबिट म्हणजे १०० गुणिले १०,४८,५७६ बिट धरले, तर अष्टक यांचे उत्तर किंचित बदलेल.


तारायंत्र:

स्मृतिकोश, फाइलच्या आकाराविषयी तुम्ही लिहिलेले सर्व बरोबर आहे, परंतु शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही, आणि पुस्तिकेत ही चूक जाऊ नये म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

तारेवरून जाणाऱ्या बिटांच्या वेगासाठी किलो, मेगा आणि गिगा हे उपसर्ग नेहमी दशमानच असतात. याचे कारण असे की वेग हा घड्याळाशी, म्हणजे वारंवारतेशी बांधलेला असतो, आणि वारंवारता हर्ट्झमध्ये, दशमान पद्धतीनेच मोजली जाते. स्मृतीच्या पत्त्यांना दोनच्या घाताशी बांधून राहणे भाग आहे. तारेला तसे कोणतेही बंधन नाही. दूरध्वनीचे उदाहरण घ्या. आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे आणि प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडायचा, अशा रीतीने एका संभाषणासाठी सेकंदाला ६४,००० बिट लागतात. यालाच ६४ किलोबिट म्हणतात. तो ६५,५३६ चा आकडा नव्हे. असे ३२ मार्ग एकत्र केले की २.०४८ मेगाबिट प्रति सेकंद वेगाची वाहिनी तयार होते, आणि ३२ गुणिले ६४,००० म्हणजे बरोबर २०,४८,००० होतात. हा आकडा दिसायला द्विमान वाटतो, पण त्यातील मेगा दशमानच आहे. जिज्ञासू यांच्या १०० मेगाबिटांचे बिट त्यामुळे १० कोटीच धरायचे, १०,४८,५७,६०० नव्हेत.

या गोंधळावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान मापांसाठी स्वतंत्र उपसर्ग ठरवून दिले: किबी, मेबी, गिबी आणि त्यापुढचे. १,०२४ बाइट म्हणजे एक किबीबाइट, १०,४८,५७६ बाइट म्हणजे एक मेबीबाइट. ही नावे अजूनही पुष्कळांना अपरिचित वाटतात, तरीही मी ती आग्रहाने वापरतो, कारण मराठीत 'मेबी' आणि 'मेगा' हे शब्द लिहायला आणि वाचायला स्पष्टपणे वेगळे आहेत. दोन्ही मापांतला फरक किलोच्या पातळीवर २.४ टक्के असतो, मेगाच्या पातळीवर सुमारे ४.९, गिगाच्या पातळीवर सुमारे ७.४ आणि टेराच्या पातळीवर जवळजवळ १० टक्के होतो. म्हणजे उपसर्ग जितका मोठा तितके हे दुर्लक्ष महाग पडते.

आता ९४ विषयी. वेग मोजणारे संकेतस्थळ तुमच्यापर्यंत पोहोचलेला उपयोगी डेटा मोजते, परंतु तार त्याखेरीज बरेच काही वाहून नेत असते. इथरनेट ही संगणक तारेने जोडण्याची नेहमीची पद्धत. तिच्या एका चौकटीत, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या तुकड्यात, सामान्यतः १,५०० बाइटांचे पॅकेट असते. त्यापैकी आयपी या पॅकेट पत्त्यावर पोहोचवणाऱ्या नियमसंचाच्या चौथ्या आवृत्तीचे हेडर, म्हणजे डेटाच्या आधी जोडलेली माहिती, २० बाइट घेते, डेटा पूर्ण आणि क्रमाने पोहोचवणाऱ्या टीसीपी या नियमसंचाचे हेडर २० बाइट घेते आणि वेळेची नोंद ठेवण्यासाठी सहसा आणखी १२ बाइट जातात, उरतात १,४४८. उलट त्या १,५०० बाइटांच्या भोवती इथरनेटचे स्वतःचे हेडर १४ बाइटांचे, चुका ओळखणारी बेरीज ४ बाइटांची, सुरुवातीची इशारत ८ बाइटांची आणि दोन चौकटींमधली सक्तीची रिकामी जागा १२ बाइटांएवढी असते, एकूण १,५३८. म्हणजे १,५३८ बाइटांचा वेळ खर्च करून १,४४८ बाइट हाती येतात. हे प्रमाण ९४.१५ टक्के आहे. तुमचा ९४ हा आकडा यातूनच आलेला आहे, आणि तो जोडणीतला दोष नसून तिच्या पूर्ण क्षमतेची खूण आहे.

यापुढचा हिशेब सरळ आहे. ९४.१५ मेगाबिटांना आठाने भागले की ११.७७ मेगाबाइट प्रति सेकंद मिळतात. ४७० कोटी बाइटांना या वेगाने साधारण ३९९ सेकंद लागतात, म्हणजे ६ मिनिटे ३९ सेकंद, आणि तुमच्या घड्याळाने ६ मिनिटे ४० सेकंद दाखवले. अष्टक यांनी उरवलेले २४ सेकंद हेडर आणि रिकाम्या जागांमध्ये गेले. राहता राहिले ११.२. उतरवून घेणारे अनेक प्रोग्रॅम १०,४८,५७६ बाइटांनाच 'एमबी' म्हणतात, ११.७७ मेगाबाइटांना १.०४८५७६ ने भागा, ११.२२ मेबीबाइट येतील. म्हणजे तुम्ही दिलेला एकही आकडा चुकीचा नाही. फक्त प्रत्येकाने मापाचे नाव अर्धवट सांगितले आहे.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. कोणाची जोडणी १०० मेगाबिटांपेक्षा बरीच वेगवान असूनही तारेने जोडलेल्या संगणकावर सतत ९४ च येत असतील, तर सेवेला दोष देण्यापूर्वी केबल तपासावी. तांब्याच्या नेहमीच्या केबलमधून गिगाबिट वेग मिळण्यासाठी तारांच्या चारही जोड्या शाबूत असाव्या लागतात. त्यातली एखादी जोडी तुटलेली असेल, तर पुष्कळदा दोन्ही टोकांची यंत्रे दोनच जोड्यांवर १०० मेगाबिटांनी बोलू लागतात आणि कुठलीही सूचना देत नाहीत. ९४ हा आकडा ओळखीचा असेल तर ही गोष्ट तत्काळ लक्षात येते.


स्मृतिकोश:

तारायंत्र, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. दूरध्वनीच्या ६४ किलोबिटांच्या उदाहरणाने माझी समजूत पूर्णपणे बदलली. स्मृतीतील नियम मी तारेवर लादत होतो.

या निमित्ताने एक भर घालतो. जालाचा वेग मोजण्यासाठी वापरला जाणारा आयपर्फ हा प्रोग्रॅम एकाच ओळीत दोन्ही मापे वापरतो: किती डेटा गेला ते तो बाइटांमध्ये १,०२४ च्या पटीने सांगतो आणि वेग बिटांमध्ये १,००० च्या पटीने सांगतो. त्याने दिलेल्या डेटाला सेकंदांनी भागून आठाने गुणले, तर त्यानेच दिलेला वेग येत नाही आणि माणूस चक्रावून जातो. आपली चूक शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ त्यापायी गेली होती. जुन्या फ्लॉपीचे माप तर याहून अवघड होते. तिच्यावर छापलेले १.४४ मेगाबाइट हे १,४४० गुणिले १,०२४ बाइट असत, म्हणजे त्यातला मेगा हा १,००० आणि १,०२४ यांचा गुणाकार होता आणि तो कोणत्याच पद्धतीत बसत नव्हता.


जिज्ञासू:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझ्याच मोजमापातला प्रत्येक आकडा दुसऱ्याशी जुळलेला पाहून फार समाधान वाटले. कोष्टकात आता मी पूर्ण शब्द वापरत आहे आणि मेबीबाइटसाठी वेगळा रकाना केला आहे.

एक शंका राहिली आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्यांनी सांगितले की आठाने भागत बसू नका, सरळ दहाने भागा, उत्तर अधिक बरोबर येते. आठ बिटांचा बाइट असताना दहाने भागणे बरोबर कसे ठरेल? नवशिक्यांना हे सांगावे का?


तारायंत्र:

तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला निराधार नाही. तो कुठून आला हे कळले, तर तो कुठे लागू करावा हेही कळेल.

जुन्या अनुक्रमिक जोडणीत, म्हणजे जिथे एका तारेवरून एकामागून एक बिट जात असत तिथे, प्रत्येक बाइटाच्या आधी एक आरंभ-बिट आणि नंतर एक समाप्ती-बिट पाठवण्याची रीत होती. आठ बिटांच्या बाइटासाठी तारेवर दहा बिट खर्च होत. त्यामुळे सेकंदाला ९,६०० बिटांची जोडणी बरोबर ९६० बाइट वाहून नेत असे. इथे दहाने भागणे हा अंदाज नसून अचूक हिशेब होता. पुढे वेगवान जोडण्यांमध्ये आरंभ आणि समाप्तीचे बिट गेले, पण आठ बिटांना दहा बिटांच्या संकेतात बदलून पाठवण्याची पद्धत आली, जेणेकरून तारेवर एकच स्थिती फार वेळ टिकू नये आणि पलीकडच्या यंत्राला घड्याळ जुळवून ठेवता यावे. डिस्क जोडण्याच्या साटा प्रकारातील ६ गिगाबिटांची जोडणी याच कारणाने सेकंदाला जास्तीत जास्त ६०० मेगाबाइट देते, ७५० नव्हे. पाच गिगाबिटांच्या यूएसबीचेही तसेच आहे: संकेत उलगडल्यावर ५०० मेगाबाइट उरतात आणि त्यातून पुन्हा हेडरांचा खर्च वजा होतो.

परंतु हा नियम सगळीकडे चालत नाही. संगणकाच्या आतले भाग एकमेकांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीपासून १२८ बिटांसाठी १३० बिट पाठवले जाऊ लागले, त्यामुळे तिथला खर्च दीड टक्क्याच्या आसपास आला. सेकंदाला ८०० कोटी बिट पाठवणाऱ्या एका मार्गिकेतून ८०० नव्हे, तर सुमारे ९८५ मेगाबाइट मिळतात. इथरनेटमध्ये तर आकडा सांगण्याची रीतच वेगळी आहे. १०० मेगाबिटांच्या नेहमीच्या इथरनेटमध्येही चार बिटांना पाच बिटांच्या संकेतात बदलले जाते आणि प्रत्यक्ष तारेवर १२५ मेगाबिट धावतात, तरीही जाहीर केला जातो तो संकेतापूर्वीचा आकडा, म्हणजे १०० च. साटाच्या बाबतीत संकेतानंतरचा आकडा जाहीर होतो. थोडक्यात, भागाकार आठाने करावा की दहाने, हे तो आकडा कोणत्या पातळीवर मोजला आहे यावर अवलंबून असते, आणि हे त्या त्या जोडणीविषयी माहीत करून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

बॉड या एककाविषयीही एक वाक्य पुस्तिकेत असावे असे सुचवतो, कारण जुन्या कागदपत्रांत तो शब्द बिटांच्या वेगासाठी सर्रास वापरलेला आढळतो. फ्रेंच अभियंते एमिल बोदो यांच्या नावावरून पडलेले हे एकक सेकंदाला किती वेळा संकेत बदलतो ते सांगते, आणि एका बदलात एकापेक्षा अधिक बिट सामावू शकतात. सेकंदाला २,४०० बिटांचे मोडेम (दूरध्वनीच्या तारेवरून डेटा पाठवणारे यंत्र) ६०० बॉडवर चालत असे, कारण प्रत्येक बदलात ४ बिट जात असत. म्हणून बॉडमधून बिटांत जाण्यासाठी ठरावीक गुणक नसतो.


अष्टक:

नवशिक्यांसाठी मी दहाचा भागाकार वेगळ्या शब्दांत मांडेन. कोष्टकात आठच ठेवावेत, कारण कोष्टक व्याख्या सांगते आणि व्याख्येत अंदाजाला जागा नसावी. कोष्टकाखाली मात्र असे लिहावे की फाइल यायला किती वेळ लागेल याचा मनातल्या मनात अंदाज करायचा असेल, तर मेगाबिटांना दहाने भागावे, म्हणजे हेडरांचा खर्च आणि थोडी मंदी आपोआप धरली जाते. जिज्ञासू यांच्याच बाबतीत दहाने भागले तर सेकंदाला १० मेगाबाइट येतात आणि फाइलला ४७० सेकंद लागतील असे वाटते. प्रत्यक्षात ४०० लागले. अंदाज थोडा सावध आहे, पण वाट पाहणाऱ्याची निराशा करणारा नाही.

महिन्याची डेटा मर्यादा आणि वेग यांचा संबंध दाखवणारी एक ओळही घालावी असे मला वाटते, कारण तिथे लोक सर्वाधिक गोंधळतात. सेकंदाला १ मेगाबिट हा वेग आज क्षुल्लक वाटतो, पण दिवसात ८६,४०० सेकंद असतात. तो अखंड चालू राहिला तर दिवसाला १०.८ गिगाबाइट आणि ३० दिवसांत ३२४ गिगाबाइट डेटा जातो. सेकंदाला ५ मेगाबिट लागणारे चित्रण तासभर पाहिले तर सव्वादोन गिगाबाइट खर्च होतात.


जिज्ञासू:

दोन्ही सूचना स्वीकारल्या आहेत. कोष्टकाखालचा मजकूर आता असा आहे: '१०० मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे १० कोटी बिट, म्हणजेच १२.५ मेगाबाइट प्रति सेकंद, म्हणजेच ११.९२ मेगाबाइट प्रति सेकंद (द्विमान). प्रत्यक्ष उपयोगी वेग याच्या सुमारे ९४ टक्के असतो.' यात काही चुकले असल्यास कृपया सांगावे.


तारायंत्र:

आकडे बरोबर आहेत. सव्वा कोटीला १०,४८,५७६ ने भागले की ११.९२ च येतात. दोन ठिकाणी मात्र बदल करावा. कंसात 'द्विमान' असे लिहून तुम्ही पुन्हा एकाच वाक्यात एकाच नावाची दोन मापे ठेवली आहेत. तिथे सरळ 'मेबीबाइट' लिहा आणि कंस काढून टाका. दुसरे असे की ९४ टक्के हे प्रमाण तारेच्या इथरनेटवरचे आहे. वायफायवर यंत्राने दाखवलेला वेग आणि हाती येणारा वेग यांतले अंतर याहून खूप मोठे असते, कारण तिथे एकाच वाहिनीवर सर्व यंत्रांना आळीपाळीने बोलावे लागते आणि प्रत्येक वेळी पोच मिळण्यासाठी थांबावे लागते. म्हणून 'तारेने जोडलेल्या संगणकावर' एवढे शब्द त्या वाक्याच्या सुरुवातीला घाला.